शेवटच्या रेसनंतरचा फोन

अहो, मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही आता उत्तर देणार नाही, पण तसं तर गेले आठ महिनेही तुम्हाला उत्तर देता येत नव्हतं. मी बोलायचे, तुम्ही पाटीवर दोन शब्द लिहायचात आणि मी चष्मा शोधेपर्यंत हातानेच पुसून टाकायचात. म्हणजे भांडण माझं एकटीचंच चालू होतं. ते अजून संपलेलं नाही.

काल तुमचा जलदान विधी झाला. विहारातली माणसं जेवून गेली. भन्तेजी तुमच्याबद्दल चांगलं बोलले. गोदीतली इतक्या वर्षांची नोकरी, विहाराचं बांधकाम चालू असताना उन्हात उभं राहून घेतलेली मेहनत, शिस्तीचा माणूस, निर्व्यसनी माणूस. ‘निर्व्यसनी’ म्हटल्यावर मागच्या रांगेत बसलेले जयंतीभाई खाली मान घालून हसले. रेसकोर्सवरचे तुमचे जोडीदार, भाईंदरचे हार्डवेअरवाले. त्यांच्याकडे बघून मलाही हसू आलं, अशा वेळी. आपल्या सिल्व्हर पार्कात एवढी वर्षं राहून तुम्ही कुणा शेजाऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता, की सीझन सुरू झाला की दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून हा माणूस जातो कुठे.

‘व्यसन म्हणू नको, नाद म्हण,’ असं तुम्ही मला सांगायचात. बरं, नाद. घरखर्चाला त्याने कधी धक्का लागू दिला नाहीत, हे मी कुणापुढेही मान्य करेन. गोदीतल्या कुणा साहेबाने तरुणपणी एकदा नेलं आणि तुम्ही तिथलेच होऊन बसलात. शनिवारी रेसचं पुस्तक घेऊन बसायचात. कुठला घोडा, कुणाचा बच्चा, मागच्या वेळी किती वजन घेऊन धावला. तेव्हा मी काही विचारलं तर ‘अं?’ एवढंच. मी म्हणायचे, माझ्याशी बोलताना तुमच्या तोंडाला कुलूप का असतं? तुम्ही म्हणायचात, ‘बोलण्यासारखं काय आहे?’

बोलण्यासारखं होतं की. प्रज्ञा होती.

तुम्ही गेल्यावर सगळं माफ करायचं असतं म्हणे. मला ते जमत नाहीये, म्हणून पुन्हा एकदा सांगते. आपली पोर लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्या मनगटावर बांगड्या फुटून झालेल्या जखमा होत्या. तुम्ही बघितल्यात. बघून म्हणालात, ‘भांड्याला भांडं लागतंच.’ आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तिला सोडून आलात. दुसऱ्यांदा ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. बॅग तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. ती म्हणाली, ‘बाबा, तो मला मारतो.’ एवढं सरळ सांगितलं पोरीने. तुम्ही जावयाला फोन लावून म्हणालात, ‘ती निघालीये, उतरवून घ्या.’ मी मध्ये बोलले तर मला म्हणालात, ‘तू आत जा.’ तिसऱ्यांदा ती आपल्याकडे आली नाही. नाशिकला मैत्रिणीकडे गेली, नोकरी बघितली, एकटीने कोर्टाच्या पायऱ्या चढून सुटली. त्यानंतर तिने तुमच्याशी बोलणं टाकलं, आणि तुम्ही तिच्याशी. मी तिच्याशी फोनवर बोलायचे, स्वयंपाकघरात, नळ सोडून. तुम्हाला कळायचं. नळ उगाच चालू आहे, पाणी वाया जातंय, असं तुम्ही एकदाही ओरडला नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

लग्नानंतर वर्षभरात तुम्ही मला ‘प्रज्ञाची आई’ म्हणायला लागला होतात. ते भांडण झाल्यापासून मला नावच उरलं नाही. ‘अगं’, ‘ऐक’, ‘जरा इकडे बघ’. सहा वर्षं.

मग नवरात्रात तुमचा आवाज बसला. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, पंचशील म्हणताना तुमचा आवाज चिरकायला लागला म्हणून तुम्ही विहारात मागे बसायला लागलात. शेवटी डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट घेऊन आपण दोघं त्यांच्यासमोर बसलो होतो. तरुण डॉक्टर होते, चांगले होते. म्हणाले, ‘काका, स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला इथे एक भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. बोलता येणार नाही.’ तुम्ही विचारलंत, ‘कधीच?’ ते म्हणाले, ‘आधी ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशी बोलून घ्या.’

ऑपरेशन मंगळवारी ठरलं. त्या दिवशी रिक्षातून उतरल्यावर जिन्यातच मी तुम्हाला म्हटलं, ‘आता तरी प्रज्ञाला फोन करा. एकदा म्हणा, चुकलो. एक शब्द आहे.’ तुम्ही एकेक पायरी चढत राहिलात. दाराशी आल्यावर म्हणालात, ‘रविवारी करतो. संध्याकाळी.’

‘रविवारीच का?’

‘दुपारी रेस आहे.’

तेव्हा मला असा संताप आला होता की हातातली औषधांची पिशवी मी जमिनीवर आपटली. माणसाचा आवाज जायचाय, दोन-चार दिवस हातात आहेत, आणि याला घोडे बघायचेत. पण तुम्हाला एकट्याला पाठवायचं कसं? चालताना धाप लागत होती. म्हणून मी आले. संसाराला एवढी वर्षं झाली आणि मी पहिल्यांदा रेसकोर्स बघितलं ते असं.

आपण टॅक्सी केली. तुम्ही खिडकीशी बसला होतात, मांडीवर दुर्बीण, शर्टाच्या खिशात पेन्सिल. दहिसरचा नाका ओलांडल्यावर मी म्हटलं, ‘आवाज जपा. तिथे कुणाशी बोलायचं नाही. संध्याकाळी फोन करायचाय.’ तुम्ही मान डोलावलीत. शाळेतल्या मुलासारखी.

आणि खरंच तुम्ही शब्द पाळलात, हे मला लिहायला हवं. पहिल्या पाच रेसेस तुम्ही तोंड उघडलं नाहीत. मला हाताला धरून पॅडॉकवर नेलंत, जिथे रेसच्या आधी घोडे गोल गोल फिरवतात. बोटाने दाखवलंत, याची चाल बघ, याचे कान बघ, हा घामाने आधीच भिजलाय, हा आज पळायचा नाही. सगळं बोटाने आणि भुवयांनी. मला घोड्यांतलं काय कळणार? पण एवढी देखणी जनावरं मी कधी जवळून बघितली नव्हती. अंगावर ऊन पडलं की पाण्यासारखं हलत होतं. मी एका काळ्या घोड्याकडे बोट दाखवलं, तर तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. तरी खिडकीवर जाऊन माझ्यासाठी त्याच्यावर लावलंत. तो शेवटून दुसरा आला. तुम्ही आवाज न करता हसलात, खांदे हलवून. मला वाटलं, हा माणूस माझा नवरा आहे? याला घरी का नाही आणलंत कधी?

मग जयंतीभाई आले. कठड्याजवळची तुमची नेहमीची जागा त्यांनी धरून ठेवली होती. मला नमस्कार करून म्हणाले, ‘आप प्रज्ञा की मम्मी ना?’

त्या नावाने मला सहा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

‘साहब तो बहुत बोलते हैं उसके बारे में,’ जयंतीभाई म्हणाले. ‘नासिक में अकेली रहती है, खुद का घर लिया, शेर है शेर. मेरी बेटी को भी मैं बोलता हूँ, देख, प्रज्ञाबेन को देख.’

तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावून बसलात. समोर तेव्हा मैदानात काहीच नव्हतं, नुसतं गवत होतं.

तिने घर घेतलं हे तुम्हाला कुठून कळलं? मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. म्हणजे नळ चालू असताना तुम्ही भिंतीपलीकडे उभे राहायचात. आणि ऐकलेलं सगळं घेऊन दर रविवारी इथे यायचात, आणि भाईंदरच्या एका हार्डवेअरवाल्याला अभिमानाने सांगायचात. जिला सांगायचं तिला सोडून. मला त्या क्षणी तुमचा राग आला की तुमची दया आली, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी पर्समधून पाण्याची बाटली काढून तुमच्या हातात दिली, एवढं आठवतं.

शेवटच्या रेसला तुम्ही एका घोडीवर लावलं होतंत. तांबूस, बारकी, कपाळावर पांढरा ठिपका. जयंतीभाई म्हणत होते, हिचं आज काही खरं नाही. सुरुवातीला ती कुठे दिसतच नव्हती. सगळे घोडे लांबच्या वळणावर एका गठ्ठ्यात होते, ही मागे एकटी. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही शांत होतात. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, संपलं, आता घरी जाऊ, हळद घालून दूध देते आणि फोन लावून देते.

वळण संपून घोडे सरळ आपल्या दिशेने आले आणि ती बाहेरच्या बाजूने सुटली. एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं. आजूबाजूची माणसं उभी राहिली. तुम्ही पण उभे राहिलात. मी तुमचा शर्ट धरला. म्हटलं, ‘नको.’ तुम्ही कठडा दोन्ही हातांनी धरलात, आणि तुमच्या तोंडातून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. लग्नात नाही, भांडणात नाही, तुमची आई गेली तेव्हाही नाही.

‘ये पोरी! ये! येऽऽ पोरी!’

मी शर्ट ओढत होते. ‘अहो, फोन करायचाय! अहो, पुरे!’ तुम्हाला मी दिसतच नव्हते. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ‘ये पोरी, ये, ये!’ आवाज फाटत गेला, आधी चिरकला, मग नुसती खरखर. ती घोडी आपल्यासमोरून गेली तेव्हा जमीन हादरल्याचं मला पायाला जाणवलं. जिंकली ती. शेवटच्या क्षणी मान पुढे काढून जिंकली. जयंतीभाईंनी तुम्हाला मिठी मारली. तुम्ही माझ्याकडे वळलात, डोळ्यांत पाणी, चेहरा असा उजळलेला. काहीतरी सांगायला तोंड उघडलंत.

नुसती हवा आली.

तुम्ही पुन्हा प्रयत्न केलात. पुन्हा हवा. हात गळ्याकडे गेला. आणि तुमच्या चेहऱ्यावरचं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत विझलं.

घरी येईपर्यंत मी टॅक्सीत एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर वाईट बोलले असते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. दारात उभ्या असलेल्या पोटच्या पोरीला जो शब्द म्हणायला तुमची जीभ वळली नाही, तो तुम्ही एका घोडीसाठी घसा फाडून ओरडलात.

मी वाफ दिली. गुळण्या झाल्या. दिवेलागणीला मी नाशिकला फोन लावला. प्रज्ञा म्हणाली, ‘बोल आई.’ मी म्हटलं, ‘बाबांना बोलायचंय.’ मग म्हणाली, ‘दे.’ तुम्ही फोन घेऊन बाल्कनीत गेलात, माझ्याकडे पाठ केलीत. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, शेजारच्यांचा टीव्ही मोठ्याने चालला होता. मला तुमची पाठ दिसत होती. तुम्ही वाकला होतात, फोन तोंडाला अगदी चिकटवून, दुसऱ्या हाताचा आडोसा करून. खांदे हलत होते. मग बराच वेळ तसेच उभे राहिलात आणि आत येऊन फोन माझ्याकडे दिलात.

‘आई, काहीच ऐकू येत नाहीये,’ ती म्हणाली. ‘नुसता वारा येतोय.’

मी म्हटलं, ‘त्यांचा घसा बसलाय गं.’

‘आजच?’

मी काय सांगू तिला? रेसकोर्सवर बसला म्हणून सांगू? ती म्हणाली, ‘बरं. आराम करू दे त्यांना.’ आणि फोन ठेवला. तुम्ही पलंगावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी म्हटलं, ‘तिला ऐकू आलं नाही.’ तुम्ही मान खाली घातलीत.

सोमवारी ॲडमिट, मंगळवारी ऑपरेशन. मधल्या वेळात आवाज परत आला नाही.

इथून पुढे माझं भांडण सुरू होतं. किती वेळा म्हटलं तुम्हाला, बोलता येत नाही तर लिहा. पाटी आहे, फोनवर मेसेज आहे. ‘चुकलो’ लिहायला किती वेळ लागतो? एकदा तुम्ही पाटीवर लिहिलंत, ‘लेखी माफी ऑफिसात देतात.’ आणि पुसलंत. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं यंत्र दाखवलं, त्यातून घरघर असा आवाज येतो. ते तुम्ही हाताने बाजूला सारलंत. तेव्हा मी बोलून गेले, ‘तुम्ही मुद्दाम केलंत. फोन करावा लागू नये म्हणून तुम्ही मुद्दाम आवाज घालवलात.’ पाटी तुमच्या मांडीवर होती, खडू हातात होता. तुम्ही काही लिहिलं नाहीत. उन्हं उतरेपर्यंत तसेच बसलात. त्यानंतर रेसचं पुस्तक घरात आलं नाही. जयंतीभाई दोनदा बघायला आले, घोड्यांचं काही सांगायला लागले की तुम्ही डोळे मिटून घ्यायचात.

दुखणं परत उलटलं. शेवटच्या आठवड्यात प्रज्ञा आली. हॉस्पिटलात तुमच्या उशाशी उभी राहिली. तुम्ही तिचं मनगट धरलंत, तेच मनगट, आणि अंगठ्याने चाचपत राहिलात, जणू अजून काही लागलंय का बघताय. तिने धरू दिलं. रडली नाही. मग हळूच हात सोडवून घेतला आणि म्हणाली, ‘मला निघायला हवं, गाडी आहे.’ तुम्ही दाराकडे बघत राहिलात. नर्स येऊन सलाइन बदलून गेली तरी बघतच होतात.

काल सगळे गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात मोठी पातेली घासत होतो. भाड्याने आणलेली होती, परत द्यायची होती. मी तिला रेसकोर्सचं सगळं सांगितलं. एवढे महिने लपवलं होतं, पण आता कुणासाठी लपवायचं? तुमचं ते ‘ये पोरी’ सांगितलं. म्हटलं, तुला सांगायचं होतं ते त्यांनी तिथे उधळून टाकलं, आणि तुझ्या वाट्याला वारा आला.

ती पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, ‘वारा नव्हता, आई.’

‘म्हणजे?’

‘मला ऐकू आलं होतं. कुजबुजत होते, पण कळत होतं. “चुकलं माझं, पोरी.” तीन-चारदा म्हणाले. मग म्हणाले, “ऐकू येतंय का?”’

माझ्या हातातला काथ्या खाली पडला. मी म्हटलं, ‘अगं, मग सांगायचं होतंस! हॉस्पिटलात आली होतीस तेव्हा तरी. आठ महिने तो माणूस…’

तिने नळ बंद केला. तिचा आवाज चढला नाही. तुमच्यावरच गेलीये ती. म्हणाली, ‘मी पण दोनदा सांगितलं होतं त्यांना. त्यांनाही ऐकू आलं होतं.’

यावर तुमच्याकडे उत्तर होतं का? आम्ही पातेली पुसून दाराशी रचून ठेवली. ती आत जाऊन तुमच्या पलंगावर आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. बऱ्याच वेळाने मला तिचं रडणं ऐकू आलं. मी आत गेले नाही. तिचं तिला रडू दे म्हटलं.

आज ती अजून झोपलीये. मी चहा ठेवून हे लिहायला बसले. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हटलं होतं आणि तुम्ही खडू हातात धरून गप्प बसला होतात. आता वाटतं, तुम्हालाच माहीत नसेल. किंवा तुम्ही ते मान्य केलं असेल, माझं म्हणणं म्हणून. आपल्याच हाताने आपण घालवलं, असं समजून तुम्ही गेलात. विहारात मला सगळे विचारत होते, शेवटी शांतपणे गेले ना? मी हो म्हटलं. लोकांना काय सांगणार?

पण तुम्हाला सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही, आणि जिने सांगायचं तिने सांगितलं नाही. त्या संध्याकाळी, बाल्कनीत, तुमच्या त्या फाटलेल्या गळ्यातून जे निघालं ते नाशिकला पोचलं होतं, प्रज्ञाच्या बाबा. तिला ऐकू आलं होतं.